मुनिरकेभोवतीच्या भूतफेऱ्यांचा पूर्वेतिहास

संध्याकाळी वाटाड्याबरोबर पायी हिंडून ओसाड वास्तूंमधल्या भुतांच्या गोष्टी ऐकायच्या, हा करमणुकीचा प्रकार दिल्लीत सरकारी आश्रयाने मे २०२३ मध्ये सुरू झाला. दिल्ली पर्यटन महामंडळाने पहिल्या फेरीसाठी सरदार पटेल मार्गालगतच्या रानातला मालचा महाल निवडला. त्याच्या जोडीला करोल बागेजवळचा भुली भटियारीचा महाल, फिरोजशाह कोटला आणि तुघलकाबादचा किल्ला ही नावे यादीत होती. माणशी ८०० रुपये आकार आणि साडेपाच ते सात ही वेळ ठरली. मे महिन्यात दिल्लीत सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे फेरी संपली तरी काळोख पडायचाच असे. या चार जागांपैकी तीन जागांचा संबंध एकाच सुलतानाशी जोडला जातो. तो म्हणजे १३५१ ते १३८८ या काळात राज्य केलेला फिरोजशाह तुघलक. त्याची कबर हौज खासच्या तळ्याकाठी, मुनिरका गावापासून तीन-चार किलोमीटरवर आहे. दिल्लीतल्या भुताटकीचा इतिहास पाहायचा तर या सुलतानाच्या शिकारगृहांपासून मुनिरकेच्या घुमटांपर्यंतचा टापू नजरेखालून घालावा लागतो. तो पाहिला की इथली भीती फार जुनी नाही, हे ध्यानात येते. जुनी आहे ती दुसरीच एक रीत.

फेरीचा साचा मात्र बाहेरून आलेला आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९७३ पासून अशी फेरी चालते आणि ती जगातली पहिली असल्याचा तिचा दावा आहे. एडिंबरामध्ये १९८५ पासून जुन्या शहराच्या बोळांतून आणि तळघरांतून पर्यटकांना नेले जाते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स आणि सव्हाना या शहरांनी त्यात मद्याची भर घातली. एका मद्यालयात कॉकटेल घ्यायचे, गोष्ट ऐकत पुढच्या मद्यालयापर्यंत चालायचे. तिथे हे जमते, कारण दोन्ही शहरांच्या जुन्या भागात प्लास्टिकच्या पेल्यातून मद्य घेऊन रस्त्याने चालायला कायद्याची मोकळीक आहे. दिल्लीत मद्यपानाचे किमान वय २५ आहे, सार्वजनिक जागी पिणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि मद्य परवान्याच्या चार भिंतींआडच देता येते. त्यामुळे भूत रानात आणि पेला गच्चीवर, अशी दोघांची ताटातूट झाली आहे. दक्षिण दिल्लीत या दोन टोकांमधले अंतर मात्र फारसे नाही.

मुनिरका हे टोकस कुळाच्या जाटांचे गाव. १९६०च्या दशकात त्याच्या आणि शेजारच्या गावांच्या शेतजमिनी सरकारने संपादित केल्या. त्यांवर रामकृष्ण पुरमच्या सरकारी वसाहती आल्या, वसंत विहारचे बंगले उठले आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आवार पसरले. गावठाण तेवढे लाल डोऱ्याच्या आत उरले. लाल डोरा म्हणजे महसुली नकाशावर वस्तीभोवती आखलेली हद्द. तिच्या आत बांधकामाचे शहरी नियम सैल असल्यामुळे घरांवर मजले चढत गेले आणि विद्यार्थी, ईशान्येकडून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी, लहान पगारावरचे नोकरदार इथे भाड्याने राहू लागले. मे २०१८ मध्ये मेट्रोही आली. गावाला मानाचे ठिकाण आहे ते बाबा गंगनाथांचे मंदिर. जवळचा रस्ताही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

शेते गेली तरी शेतांमधले घुमट राहिले. रामकृष्ण पुरमच्या सेक्टर ५ मध्ये वजीरपूरचे घुमट म्हणून ओळखला जाणारा कबरींचा समूह आहे, त्याच्याजवळ पायऱ्यांची विहीर आहे. मोहम्मदपूर गावात घरांच्या गर्दीत तीन घुमटांची एक कबर उभी आहे. वसंत विहारच्या बागेत बडा लाओ का गुंबद आहे. या वास्तू साधारणपणे लोदी काळातल्या, म्हणजे १४५१ ते १५२६ या दरम्यानच्या मानल्या जातात. त्या काळी सरदारांनी शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर स्वतःसाठी आणि घराण्यासाठी घुमट बांधले. बहुतेकांवर कोरीव लेख नाही, त्यामुळे आत कोण निजले आहे याची माहिती दोन-तीन पिढ्यांतच पुसली गेली. पुढे गावकऱ्यांनी त्यांना आपल्या सोयीची नावे दिली आणि आपल्या सोयीने वापरलेही. दिल्लीच्या अनेक गावांत अशा घुमटांखाली वैरण साठवली जाई, गुरे बांधली जात, काही ठिकाणी माणसेही राहत. ज्या घुमटात म्हशीचा चारा ठेवायचा आणि दिवसातून दोनदा आत-बाहेर करायचे, तिथे भुताला फारसा थारा नसतो. मुनिरकेचे घुमट भयाण झाले ते गुरे गेल्यावर, कुंपणे पडल्यावर आणि शेजारच्या नव्या वसाहतीला त्यांचे काय करायचे हे कळेनासे झाल्यावर.

रानाचीही हीच कथा आहे. दिल्लीच्या भूतकथांना लागते ते झाडोऱ्याचे जंगल आणि ते अरवलीच्या शेवटच्या टेकड्यांवर, म्हणजे रिजवर, आहे. १८५७ची लढाई आटोपल्यानंतर लगेच काढलेल्या छायाचित्रांत उत्तरेकडचा रिज बोडका, खडकाळ दिसतो. गुरे चरत, सरपण तोडले जाई, त्यामुळे झाडे वाढत नसत. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि नव्या शहरामागे हिरवी पार्श्वभूमी हवी म्हणून इंग्रजांनी रिजवर चराई बंद करून लागवड केली. तिच्यात दक्षिण अमेरिकेकडून आलेली विलायती कीकर होती, जिला महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणतात. ती पसरली आणि तिने बाकीच्या झाडांना मागे सारले. मालचा महाल ज्या काटेरी झुडपांत बुडाला आहे ती झुडपे महालाहून पाचशेहून अधिक वर्षांनी लहान आहेत. १७३७ मध्ये रामनवमीच्या सुमारास बाजीराव पेशव्यांची फौज कालका देवीच्या बाजूने दिल्लीवर येऊन धडकली आणि तालकटोऱ्याच्या परिसरात बादशाही सैन्याशी लढली. ते तालकटोरा याच रिजच्या पायथ्याशी आहे. त्या स्वारांना वेड्या बाभळीचे रान ठाऊक असणे शक्यच नव्हते.

मालचा महाल हे फिरोजशाहाचे शिकारगृह. जाड दगडी भिंती, उंच जोते, कमानींच्या खोल्या, पाणी अडवायला जवळ बंधारा, अशी त्याच्या शिकारगृहांची घडण होती. महालाचे साल म्हणून १३२५ हे सर्रास सांगितले जाते. फिरोजशाह गादीवर आला १३५१ मध्ये, तेव्हा ते साल त्याच्या नावाशी जुळत नाही. भूतफेरीत असल्या विसंगतीकडे कोणी पाहत नाही. खरी दुर्लक्षित गोष्ट मात्र महालाच्या नावातच आहे. मालचा हे गाव होते. नवी दिल्ली वसवण्यासाठी १९११-१२ च्या सुमारास इंग्रज सरकारने त्याची जमीन घेतली आणि गावकऱ्यांना उठवले. त्यांचे वंशज हरियाणात सोनीपतकडे राहतात आणि मोबदल्याचे वाद त्यांनी पुढे कितीतरी दशके चालवले. मालचा मार्ग हे राजदूतांच्या वस्तीतल्या रस्त्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही. जिथे एक अख्खे गाव नाहीसे केले गेले तिथे भुताच्या गोष्टीत ते गाव यायला हवे होते. ते येत नाही, हे या गोष्टींचे सर्वांत मोठे उणेपण आहे.

त्याऐवजी येते ती बेगम विलायत. १९७०च्या दशकात ही बाई मुलगी सकीना, मुलगा अली रझा, कुत्री आणि नोकरांसह नवी दिल्ली रेल्वे स्थानकावरच्या प्रतीक्षालयात येऊन राहिली. आपण अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याच्या वंशातल्या असल्याचा तिचा दावा होता आणि जप्त झालेली मालमत्ता परत मिळाल्याशिवाय हलणार नाही असा हट्ट. परदेशी वार्ताहर तिथे येऊन गेले. अखेर सरकारने मालचा महाल देऊ केला आणि १९८५ मध्ये कुटुंब तिथे गेले. वीज नाही, पाणी नाही, दारे-खिडक्या नाहीत, वटवाघळे आणि साप मात्र भरपूर, अशा त्या जागेत बेगमेने १९९३ मध्ये आत्महत्या केली. सकीना गेली आणि २०१७ मध्ये एकटा उरलेला अली रझाही वारला. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एलन बॅरी यांनी लखनौ, पाकिस्तान आणि इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डपर्यंत माग काढून दाखवले की राजघराण्याचा दावा खरा नव्हता. हे कुटुंब फाळणीने उखडलेले, लखनौ विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्याचे होते. बेगमेचा आत्मा महालात फिरतो असे वाटाडे सांगतात. फाळणीत घर गमावलेल्या आणि त्या धक्क्यातून कधीच न सावरलेल्या बाईची हकीकत कोणत्याही आत्म्याच्या गोष्टीपेक्षा अंगावर येणारी आहे आणि ती लेखी पुराव्यानिशी सांगता येते.

मराठी वाचकाला इथे शनिवारवाडा आठवेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार केले आणि वाड्यात अमावास्येला त्यांची आर्त हाक ऐकू येते अशी आख्यायिका पसरली. आख्यायिकेवर विश्वास ठेवायचे कारण नाही. पण तिच्यात तारीख आहे, मारेकरी आहेत, कारस्थान आहे. ऐकणाऱ्याला एका खऱ्या गुन्ह्याची आठवण राहते. दिल्लीच्या बहुतेक भूतकथांना असा आधार नाही. पांढऱ्या साडीतली बाई, हसणारी मुले, अचानक पडलेला गारठा, असे तेच तपशील या वास्तूवरून त्या वास्तूवर फिरत राहतात.

फिरोजशाह कोटला याला अपवाद आहे. हा किल्ला सुलतानाने १३५४ मध्ये यमुनेकाठी बांधायला घेतला. त्यात पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीवर अशोकाचा स्तंभ आहे. हरियाणातल्या टोपरा गावाहून तो सुलतानाने आणवला. किल्ल्यात जिन्नांचा वास आहे अशी लोकांची श्रद्धा आहे आणि त्यांच्या मुखियाला लाटवाले बाबा म्हणतात. लाट म्हणजे तो स्तंभ. दर गुरुवारी शेकडो माणसे येतात. त्यांत मुसलमान असतात, हिंदू असतात, बायका पुष्कळ असतात. तळघरांच्या कोनाड्यांत मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुले ठेवली जातात, भिंतीला शिक्के चिकटवले जातात आणि मुख्य म्हणजे अर्ज ठेवले जातात. नवऱ्याचे पिणे, सासरचा जाच, कोर्टात अडकलेले घर, मुलीचे लग्न, जुनाट आजार, सारे त्यात असते. कित्येक जण एकाच अर्जाच्या छायाप्रती काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवतात, जशा सरकारी कचेरीत निरनिराळ्या खात्यांना प्रती धाडल्या जातात. छायाचित्र आणि पत्ताही जोडतात, म्हणजे जिन्नाला माणूस शोधायला त्रास नको. मानववंशशास्त्रज्ञ आनंद विवेक तनेजा यांनी या प्रथेचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोटल्यात अशी गर्दी जमू लागली ती १९७७च्या सुमारास, आणीबाणी संपता संपता, असे त्यांनी दाखवले आहे. त्याआधीच्या वर्षात, एप्रिल १९७६ मध्ये, किल्ल्यापासून थोड्या अंतरावरच्या तुर्कमान दरवाज्यात बुलडोझर फिरले होते आणि जुन्या दिल्लीतली कितीतरी घरे भुईसपाट झाली होती. दाद मागायला जागा उरली नव्हती, तेव्हा लोक पडक्या किल्ल्यात अर्ज घेऊन आले.

कोकणात आणि गोव्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गावच्या देवापुढे आणि राखणदारापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत तीच आहे. राखणदार अदृश्य असतो, रात्री हद्दीवरून फिरतो, त्याच्या वाटेत आडवे जाऊ नये हे खरे. पण तो गावाचा असतो आणि त्याच्याशी बोलता येते. मुंजा, हडळ, खवीस, चकवा यांच्यापासून माणूस पळतो, राखणदाराकडे तो जातो. कोटल्याचे जिन्न या दुसऱ्या जातीचे आहेत. त्यांच्या दरबारात तिकीट काढून घाबरायला जाणाऱ्याने आधी गुरुवारी दुपारी जावे आणि शेजारची बाई अर्जात काय लिहिते आहे, यासाठी तिला किती धीर करावा लागला असेल, याचा विचार करावा.

राखणदाराला रोटाबरोबर दारू आणि विडीही ठेवतात. भूतगणांच्या अधिपतीला मद्य देण्याची रीत दिल्लीतही आहे. पुराण्या किल्ल्याच्या पाठीमागे किलकारी भैरवाचे मंदिर आहे, तिथे भक्त मद्याचा नैवेद्य दाखवतात. शेजारच्या दुधिया भैरवाला दूध वाहतात. भुताच्या गोष्टीसोबत मद्य ही पर्यटन व्यवसायाची कल्पना वाटते, पण अदृश्य शक्तीला पेला देणे इथल्या मातीतलेच आहे. फरक एवढाच की इथे पहिला घोट तिचा असतो.

हौज खासच्या काठावर मद्याचा इतिहास सुलतानांपर्यंत मागे जातो. हे तळे खोदले अलाउद्दीन खिलजीने, म्हणजे १२९६ ते १३१६ या काळात. इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की बंडांचे मूळ मद्याच्या मैफलींत आहे असे ठरवून अलाउद्दीनने दारूबंदी केली. स्वतःच्या मैफलींतली मद्यपात्रे त्याने फोडायला लावली आणि बदायूं दरवाज्याबाहेर एवढी दारू ओतली गेली की पावसाळ्यासारखा चिखल झाला. लपून विकणाऱ्यांसाठी त्याच दरवाज्यापाशी विहिरीसारखे खड्डे खणून त्यात कैदी टाकले जात, त्यांतले कित्येक दगावले. शेवटी सुलतानाला सवलत द्यावी लागली. घराचे दार लावून, मैफल न भरवता आणि विक्री न करता कोणी प्यायला तर त्याला हटकू नये, असा हुकूम निघाला. चार भिंतींआडची मुभा ही दिल्लीत इतकी जुनी आहे.

फिरोजशाहाने हेच तळे गाळ उपसून पुन्हा भरले, १३५२ च्या सुमारास काठावर मदरसा उभारला आणि तिथेच आपली कबर बांधवली. धर्माच्या बाबतीत कडवा म्हणून त्याची ख्याती, पण इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने त्याच्या पिण्याचा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. बंगालच्या मोहिमेत सकाळच्या नमाजानंतर सुलतान निरनिराळ्या रंगांची मद्ये घेऊन बसला होता. तेवढ्यात तातारखान हा वडीलधारा सरदार भेटीला आला. सुलतानाने पेले पलंगाखाली सारून वर चादर ओढली. खानाच्या नजरेतून ते सुटले नाही आणि त्याने लढाईच्या ऐन वेळी हे शोभत नाही असे स्पष्ट सुनावले. सुलतानाने खान सैन्यात असेतो न पिण्याचे वचन दिले.

या सुलतानाच्या कबरीला भिडून आज हौज खास गाव आहे. १९८०च्या दशकात इथे फॅशनची दुकाने आली, नंतर उपाहारगृहे आणि मद्यालये. सांडपाण्याच्या प्रश्नावरून २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादासमोर प्रकरण गेले आणि तीसहून अधिक उपाहारगृहांना काही काळ टाळे लागले. ती पुन्हा उघडली. संध्याकाळी गच्चीवर बसलेल्याला खाली मदरशाच्या कमानी, तळे आणि सुलतानाचा घुमट दिसतो. १३९८च्या डिसेंबरात दिल्ली लुटणाऱ्या तैमूरनेही याच तळ्याजवळ तळ दिला होता. न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीची फेरी कोणाला दिल्लीत काढायचीच असेल, तर बरनी आणि अफीफ यांच्या आधाराने या एका गच्चीवरून ती होऊ शकते. त्यासाठी एकही भूत रचावे लागणार नाही.

मुनिरका आणि मेहरौली यांच्यामध्ये संजय वन आहे. पृथ्वीराज चौहानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्याचा तट त्यातून जातो. आशिक अल्लाहचा दर्गा आणि सूफी संत बाबा फरीद यांनी चिल्ला, म्हणजे चाळीस दिवसांची एकांतसाधना, केली ती जागा तिथेच आहे. हे वन भुतांसाठी महाजालावर फार प्रसिद्ध आहे, जुन्या कबरींसाठी जवळजवळ नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी दिल्ली विकास प्राधिकरणाने याच वनातली अखुंदजी मशीद, तिच्या आवारातला मदरसा आणि कबरी अतिक्रमण ठरवून पाडल्या. या मशिदीची १८५३-५४ मध्ये दुरुस्ती झाल्याची नोंद झफर हसन यांनी पुरातत्त्व खात्यासाठी केलेल्या, शंभर वर्षांपूर्वीच्या यादीत आहे. मशीद पाडली त्याच सुमारास बाबा हाजी रोजबिह यांची कबरही गेली. दिल्लीत आलेल्या आरंभीच्या सूफींपैकी ते एक मानले जातात. त्याआधी २०१८ मध्ये, मुनिरकेपासून जवळच्याच हुमायूंपूर गावात, एक मध्ययुगीन घुमटी रंग देऊन आणि मूर्ती बसवून मंदिर करून टाकल्याचे उघडकीस आले होते.

या घटनांचा आणि भूतफेऱ्यांचा संबंध आहे. ज्या कबरीची ओळख केवळ भुताची जागा एवढीच उरते तिच्यासाठी बोलायला कोणी येत नाही. फिरोजशाहाने आपल्या लेखात आधीच्या सुलतानांच्या कबरी, मदरसे आणि तळी दुरुस्त केल्याची यादी नावानिशी दिली आहे. इल्तुतमिशची कबर, अलाउद्दीनची कबर, अलाउद्दीनचे तळे, सारे त्यात आहे. मेलेल्यांशी वागण्याची ही जुनी दिल्लीची रीत होती. भूतफेरीला जाणाऱ्या वाचकाने वाटाड्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत: ही कबर कोणाची, ती कोणत्या काळातली आणि तिची नोंद शेवटची कोणी व केव्हा केली. ज्याच्याकडे उत्तरे नाहीत त्याला पैसे देऊ नयेत. मुनिरका मेट्रो स्थानकातून बाहेर पडून सेक्टर ५ मधले वजीरपूरचे घुमट आपले आपण पाहावेत.